गोगलगायींसाठी दोडका

बायको फेबी गेली तेव्हा तिच्या काचेच्या टाकीत मासे होते. इनासमास्तरांना त्यांची निगा जमली नाही. मासे एकेक करून गेले आणि मागे उरल्या तपकिरी गोगलगायी. कट्टा गावातल्या त्या घरात मास्तरांखेरीज जिवंत म्हणावं असं आता एवढंच. मुलगी सँड्रीना आयर्लंडला नर्स. तिचा फोन यायचा. "पप्पा, जेवलंस? गोळी घेतलंस?" हो म्हटलं की संपला.

एकदा मास्तरांनी बाजारातून पालक आणला आणि चार पानं तशीच टाकीत सोडली. सकाळी बघतात तर गोगलगायी तळाशी लुळ्या पडलेल्या, अंग शंखाबाहेर लोंबतंय. मास्तर आपणहून कधी फोन करत नसत. पोरगी कामावर असेल, झोपली असेल, असं वाटायचं. त्या दिवशी केला.

"सँड्रीना, मम्मीच्या गोगलगायी मरतत गो!"

"काय घातलंस?"

"पालक."

"धुतलंस?"

"नाय."

"पप्पा, भाजयेर फवारो मारलेलो असता. पानां काढ आधी. मगे अर्धां पाणी बदल."

फोन तिने चालूच ठेवला. मास्तरांनी पानं काढली, तांब्याने पाणी उपसलं, विहिरीचं ओतलं. एक गोगलगाय गेलीच. बाकीच्या संध्याकाळपर्यंत काचेवर चढू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सँड्रीनाचाच फोन आला. शेजारच्या राधाबाईंनी आपल्या मांडवावरचा, बिनफवारणीचा दोडका दिला होता. सँड्रीना सांगत गेली, मास्तर करत गेले. नीट धुवायचा, साल काढायची, पातळ चकती मऊ होईपर्यंत उकळत्या पाण्यात धरायची. मिठाचा कणसुद्धा नको. गार झाली की तळाशी बुडावी म्हणून जेवायचा काटा टोचून ती टाकीत सोडायची, आणि उरलेली त्याच दिवशी बाहेर काढायची, नाहीतर पाणी नासतं. आठवडाभर रोज बोलणं झालं.

"आता तुका सगळां येता," ती शेवटी म्हणाली. आणि फोन पुन्हा जेवणा-गोळीवर आला.

रविवारी चर्चमधून, मिसावरून आल्यावर मास्तरांनी नंबर लावला.

"दोडक्याची साल काढूची काय गो?"

"पप्पा, ह्यां मी तुका सांगितलंय मां?"

"विसारलंय."

विसरले नव्हते. पलीकडे तिने व्हिडिओ चालू केला.

"बरां," मग म्हणाली, "मोबाईल टाकीकडे धर. बघूया."

एक गोगलगाय चकतीकडे सरकत होती. दोघंही बघत राहिली.

"मम्मी काय घालायची त्यांका?" सँड्रीनाने विचारलं.

"माका ठावक नाय. कधी विचारूकच नाय."

तिला कुणीतरी हाक मारली. "येतंय पप्पा, पेशंट आसा," म्हणून तिने फोन ठेवला. गोगलगायींनी खाऊन चकतीला जाळी पडेपर्यंत मास्तर खुर्चीत बसून होते. मग त्यांनी काटा काढला, धुतला आणि स्वतःचा भात गरम करायला उठले.