पडद्यावरचा पापुद्रा

मी एक जुना संगणक आहे. पण मित्रांनो, मला नुसता संगणक समजू नका. माणसाने चाकाचा शोध लावला, मग विजेचा लावला, आणि मग जरा दम खाऊन मला बनवले. इतका सडपातळ, इतका अबोल आणि इतका महाग संगणक आमच्या गल्लीने त्याआधी पाहिला नव्हता. मानवी बुद्धीचा कळस म्हणून माझ्याकडे पाहायला काहीच हरकत नाही. फक्त पाहण्याआधी माझ्या अंगावरचा अभ्रा काढावा लागेल. उशीचा आहे. फुलाफुलांचा.

माझा जन्म एका अतिशय स्वच्छ कारखान्यात झाला. तिथली माणसे नखशिखान्त पांढऱ्या कपड्यांत असत, त्यामुळे मला जन्मदात्यांचे फक्त डोळे आठवतात. माझ्या पाठीवर एकही स्क्रू दिसू नये म्हणून कितीतरी हुशार लोकांनी डोके खपवले होते. स्क्रू न दिसणे ही शोभा आहे, असे मला तेव्हा वाटे. उघडता न येणे हे दुखणे आहे, हे फार पुढे कळले. सगळ्यात शेवटी माझ्या पडद्यावर एक पातळ, दुधाळ पापुद्रा चिकटवण्यात आला. प्रवासात ओरखडा पडू नये म्हणून. मुक्कामाला पोचलो की तो काढतील, असे मी गृहीत धरले. नवा होतो, मित्रांनो.

मला विकत घेतले ते काकांनी. त्यांचे खरे नाव मला माहीत नाही, कारण सख्ख्या पुतणीपासून टपालवाल्यापर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणत. त्यांचा फर्निचरचा व्यवसाय होता. पुढे काचेच्या दाराचे छोटे ऑफिस, मागे करवतींचा आणि रंध्यांचा कारखाना. मला अर्थातच पुढे ठेवण्यात आले, दारातून येणाऱ्याची पहिली नजर पडेल असे.

काकूंना खरेदी पसंत नव्हती. "एवढ्यात आपल्या स्वयंपाकघराच्या कपाटांना दारं लागली असती," त्या म्हणाल्या. जगाला कपाटे करून देणाऱ्या घरात स्वतःच्या कपाटांना दारे नव्हती, ही गोष्ट खरी होती. येणारेजाणारेही विचारत, "काका, परवडलं का हो हे?"

"मोटार घेतली असती तर दारात उभी राहिली असती," काका शांतपणे म्हणत. "हे टेबलावर उभं आहे. फरक काय?"

तेव्हा मला हे उत्तर मानाचे वाटले होते. नंतर लक्षात आले की त्यात 'उभं' हाच शब्द तेवढा खरा होता. मी उभा होतो. दिवसभर माझ्या पडद्यावर निळे मासे पोहत आणि गिऱ्हाईक म्हणे, "वा, काय क्लिअर दिसतंय!" काका म्हणत, "पैसे मोजलेत." आणि ते सगळे पापुद्र्याआडून. मासे मला स्वतःला जरा आजारी वाटत, पण मला कोण विचारतो?

काम करायचा तो मागच्या खोलीतला खटारा. तो बाजारातून सुटे भाग आणून जोडलेला संगणक. त्याच्या एका कुशीचे झाकण कायमचे काढलेले, समोर टेबलफॅन लावलेला. आत लाकडाचा भुसा साचला की मिस्त्री रंग मारायच्या कॉम्प्रेसरने त्याच्यात हवा मारत. खटारा शिंकल्यासारखा आवाज करी आणि पुन्हा कामाला लागे. त्याचा कुठलाही भाग बिघडला की नवा बसे. माझा बिघडला असता तर मला परदेशी पाठवावे लागले असते, पण बिघडायला आधी वापरावे लागते.

खटाऱ्यावर बसायची काकांची पुतणी. गिऱ्हाइकाला कपाट कसे दिसेल याचे चित्र ती त्यावर बनवी, रंगासकट. चित्र तयार झाले की पेन ड्राइव्हमध्ये घालून पुढे आणी. तिथे एक विधी होता.

"हात धुतलेस का?" काका विचारत.

"धुतले."

"पुसलेस?"

"पुसले."

"मग दे इकडे. मीच लावतो."

चित्र माझ्या पडद्यावर उघडे. काका मागे सरकत, मान तिरपी करत, आणि म्हणत, "फिकट आहे गं."

"काका, मागच्या मशीनवर बरोबर दिसतंय. तुम्ही चला ना, दाखवते."

"त्या डबड्याचं ऐकू का ह्याचं? किती फरक आहे किमतीत, माहितीये ना? गडद कर."

ती गडद करी. दुधातून पाहिल्यावर तो रंग ठीक दिसे. गिऱ्हाईक मान डोलवी. मग त्याच चित्राचा छापील कागद मिस्त्रींकडे जाई, मिस्त्री कागदावर दिसेल तसे इमानदारीत पॉलिश करत, आणि कपाट घरी पोचले की गिऱ्हाइकाचा फोन येई, "अहो, हे काळं ठिक्कर काय पाठवलंत?"

दोष कुणाचा? मिस्त्री निर्दोष, त्यांनी कागद पाहिला होता. मी निर्दोष, मी महाग होतो. उरली पुतणी. कारखान्यात तिला 'डांबर' असे टोपणनाव पडले. सुतार चहाचा कप पुढे करून विचारत, "ताई, बघा बरं, हा चहा आहे की कॉफी?" ती हसायची. पाठ वळली की हसायची नाही. ऑफिसच्या काचेत मला तिचा चेहरा दिसे.

मित्रांनो, ओझे वाहून कोणी दमतो, धावून कोणी दमतो. मी मान घेऊन घेऊन दमलो. रोज संध्याकाळी मऊ फडक्याने काका मला पुसत, म्हणजे पापुद्र्याला पुसत, आणि फुलाफुलांचा अभ्रा घालत. सगळे मला मानत होते. माझ्याकडे नीट पाहत मात्र कोणीच नव्हते.

मग एक आजी आल्या, काखेत एक जुने स्टूल घेऊन. त्यांच्या आईच्या घरातली तेवढीच वस्तू उरली होती. नवे कपाट स्टुलाशेजारी उभे राहणार होते, म्हणून रंग अगदी तोच हवा होता. "उन्नीस-बीस चालणार नाही," त्या म्हणाल्या, आणि नमुना म्हणून आणलेल्या स्टुलावरच बसून घेतले.

स्टूल दोनतीन दिवस मागच्या खोलीत राहिले. पुतणीने ते खिडकीत धरले, दिव्याखाली धरले, आणि खटाऱ्यावर रंग जुळवला. मग पुढे आली.

"फिकट," काका म्हणाले.

"काका, मी स्टूल शेजारी ठेवून केलंय."

काकांनी खुर्चीतच अंग सैल सोडले. तेही थकले होते, हे मला मान्य केले पाहिजे. "हे बघ पोरी," ते म्हणाले, "तुझा बाप गेल्यावर तुला हाताशी घेतलं, शिकवलं. पण रंगाची नजर शिकवता येत नाही. ह्या खेपेलाही चुकलं, तर रंगाचं काम बाहेर देतो. तू फोन घेत जा. तुझा आवाज छान आहे."

आत जाऊन तिने चित्र गडद केले. पण पेन ड्राइव्हमधले आधीचे पुसले नाही. एकाला नाव दिले 'काकांचं', दुसऱ्याला 'माझं'.

आजी आल्या. काकांनी अभ्रा काढला, 'काकांचं' उघडले. आजींनी स्टूल टेबलाजवळ ओढले, चष्मा पुसला, एकदा स्टुलाकडे, एकदा माझ्याकडे पाहिले.

"बरं दिसतंय की," त्या म्हणाल्या.

काकांनी पुतणीकडे पाहिले, पुतणीने जमिनीकडे. ती घरी काय सांगायचे ते जुळवत असावी.

"पण ह्याच्या कोपऱ्यात फुगा आलाय," आजी म्हणाल्या.

"कशाच्या?"

"तुमच्या टीव्हीच्या." आणि त्यांनी नख लावले.

"अहो आजी, हात नका लावू! फार महाग आहे ते!"

"महाग आहे म्हणून घाण ठेवायची होय?" आजींच्या नखाखाली कोपरा सुटला होता, आणि सुटलेला कोपरा सोडून देण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. चर्र असा लांबलचक आवाज झाला. काकांनी डोळे मिटले. त्यांना वाटले, माझे कातडेच सोलले. खरे सांगू? कित्येक वर्षांत मला इतके बरे वाटले नव्हते.

पापुद्रा आजींच्या हातात लोंबत राहिला आणि पडद्यावरचे कपाट सगळ्यांच्या देखत कोळशासारखे झाले.

"हे काय?" आजी म्हणाल्या. "माझं स्टूल असं काळं कुठंय?"

मागे रंधा चालू होता, तो नेमका थांबला. पुतणी पुढे झाली. तिने हात धुतले नव्हते. तिने माझ्या माउसला हात लावला, तोही पहिल्यांदाच, आणि 'माझं' उघडले.

आजी उठल्या. त्यांनी स्टूल उचलून माझ्या पडद्याला भिडवले. कपाट कुठे संपते आणि स्टूल कुठे सुरू होते ते समजेना.

"हा. हाच रंग मी म्हणत होते," आजी म्हणाल्या. "आधी का नाही दाखवलात?"

काका मागच्या दारापाशी गेले. तिथे गिऱ्हाइकांनी परत पाठवलेली काळी कपाटे भिंतीला लावून ठेवली होती. त्यांनी एकेका कपाटावरून हात फिरवला. काका माफी मागणाऱ्यांतले नव्हते. परत येऊन त्यांनी स्वतःची हातांची खुर्ची माझ्यासमोर ओढली आणि पुतणीला म्हणाले, "बस. उद्यापासून इथंच बसत जा." सवयीने पुढचे शब्द तोंडातून सुटलेच, "हात धुतलेस का..." आणि मग, "राहू दे."

त्या दिवसापासून मी कामाला लागलो. माझ्यातला पंखा फिरला, तेव्हा मला पंखा आहे हे मला कळले. पुतणीने मला घाम फोडला. कारखान्यातला भुसा माझ्याही नाकातोंडात गेला. तिचे 'डांबर' हे नाव सुटले. सुतार आता चहाचा रंग विचारत नाहीत, पॉलिशचा विचारतात. ती वर्षे मात्र भरभर गेली. माझ्या उमेदीची अर्धी वर्षे तर मासे पोसण्यातच सरली होती. आता मी मंद झालो आहे. नवे प्रोग्रॅम मला ओळख दाखवत नाहीत. मला उघडून भाग बदलावा, तर पाठीला स्क्रू नाही. मागच्या खोलीत खटाऱ्याला परवाच नवा भाग बसला. तो अजून शिंकतो आहे.

लोक अजूनही काकांना विचारतात, "परवडलं का हो?" काका आता मोटारीची गोष्ट सांगत नाहीत. म्हणतात, "तिला विचारा." ती म्हणते, "कामाला लावल्यावर परवडलं. त्याआधीचं काकांना विचारा." घरी काकूंच्या कपाटांना दारे लागली आहेत. रंग पुतणीने निवडला.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी महागाची वस्तू आली तर तिला जपा, पण झाकू नका. आणि ती महाग आहे म्हणून ती म्हणेल ते खरे मानू नका. शेजारी एखादे स्टूल ठेवून पाहा. मी आता थकलो आहे. मला मान नको, हार नको, काचेची पेटी नको. हा अभ्रासुद्धा राहू द्या. म्हातारपणी ऊब बरी वाटते.

फक्त एकच करा. त्या दिवशी आजींनी पडद्याचा पापुद्रा काढला, पण माझ्या पायाखालचा कोणाच्या लक्षात आला नाही. तो अजून तसाच आहे. खाजतो. कोणाचे नख वाढलेले असेल तर, जाता जाता, तेवढे बघा.