थेल्माच्या एकतीस वह्या

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या टूवूम्बाच्या संशोधन संस्थेत कुठल्या नोंदी जपायच्या आणि कुठल्या रद्दीत घालायच्या, हे एक समिती ठरवते. समिती म्हणजे क्लाइव पेटिग्रू आणि त्याची बिस्किटांची बशी. दफ्तर मी सांभाळते, म्हणजे बोलणी मी खाते.

त्या दिवशी आमच्या जुन्या पक्षीनिरीक्षक थेल्माच्या वह्यांची पाळी होती. दर सप्टेंबरात इथले मॅगपाय पक्षी घरट्याजवळून जाणाऱ्यांवर झडप घालतात. कुठल्या पक्ष्याने कोणाला, कितीदा, कुठल्या बाजूने टोचलं, हे थेल्माने एकतीस वर्षं टिपलं, बहुतेक वेळा स्वतःच्याच टाळूवर! आता बाई सत्त्याहत्तरची. सगळा जन्म त्या वह्यांत, आणि दाराबाहेर पिवळ्या झाकणाची रद्दीची पेटी उभी. माझा जीव तुटत होता, पण मला विचारतो कोण?

"नियम साधा आहे," क्लाइव बिस्कीट चावत म्हणाला. "जे पुन्हा करता येतं ते टाकायचं. हे काय, कोणीही करेल! झाडाखालून चालायचं आणि लिहायचं."

"कोणीही?" थेल्माने शांतपणे चष्मा पुसला. "मग तूच कर की, बाळा. समोरच्या झाडावर नर बसलाय. वीस फेऱ्या मार, नोंदी घे. जमलं तर वह्या मी माझ्या हाताने रद्दीत टाकते."

"अहो, डोक्यावर काहीतरी घाला," मी म्हटलं. "माझा आइस्क्रीमचा डबा घ्या, मागे डोळे रंगवलेत. पक्षी बिचकतो."

"डबा? मी अध्यक्ष आहे!"

गेला शहाणा. पहिल्या फेरीत वही उडाली. दुसरीत चष्मा. तिसरीत अध्यक्षमहाराज कान दाबून किंचाळत रद्दीच्या पेटीत शिरले आणि झाकण ओढून घेतलं. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं.

डबा डोक्यावर चढवून थेल्मा पेटीपाशी गेली. "काय रे, पुन्हा करता येईल?"

"नाही! मुळीच नाही!" पेटी ओरडली. "कायमच्या ठेवा!"

"लेखी दे."

झाकणाच्या फटीतून मी वह्या जपण्याचा अर्ज आणि पेन आत सरकवलं. सही वाकडीतिकडी होती, पण होती. मी तो कागद छातीशी धरला आणि का कोण जाणे, मला रडूच आलं.

थेल्माने मात्र पिशवीतून नवी, बत्तिसावी वही काढली, घड्याळ पाहिलं आणि झाकणावर टकटक केलं.

"क्लाइव, कान डावा की उजवा?"

"दोन्ही," आतून बारीक आवाज आला.