दहा बोटांची हजेरी

खोलीत दहा टब होते, नऊ बायका, एक खिडकी आणि दोन पंखे. त्यातला एकच फिरत होता. भिंतीवर रबरी हातमोज्यांचे दहा जोड टांगलेले होते. त्यांच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. दाराशी बोट लावून हजेरी घेणारं यंत्र होतं. त्यातून निघालेल्या कागदावर दहाजणी हजर होत्या.

नळ बनवणाऱ्या मोठ्या कंपनीने तपासनीस मुलीला इथे पाठवलं होतं. नळांच्या मुठी धुवायचं काम कंपनी या छोट्या कारखान्याला देत असे. तिथे कामगारांचे हाल होतात का, हे तिने पाहायचं होतं. दहा आणि नऊ हा हिशेब काही तिच्या गळी उतरेना.

"दहावी कुठेय?"

"असेल इथेच," मुकादम म्हणाला. "बायकांचा पाय एका जागी ठरतो होय, ताई?"

"पायच भाजलाय तिचा!" चौथ्या टबापासची बाई उसळली. "माझी वहिनी ती. सोड्याच्या गरम पाण्याचा टब पायावर उलटला. भरपाई मागितली तर म्हणे, यंत्रात रोज हजर लागतेय. हजर असलेली बाई दवाखान्यात कशी?"

मुकादमाने डोळे वटारले. तपासनीस यंत्रापाशी गेली. "एकेक जण या. बोट लावा."

वहिनीच्या नणंदेने अंगठा टेकवला. लाल दिवा. पुसून पुन्हा टेकवला. लालच. दुसरीचा लाल, तिसरीचाही.

"नवऱ्यावर गेलंय मेलं," तिसरी म्हणाली. "ओळखच देत नाही."

सगळ्या खिदळल्या. नवव्या लाल दिव्यानंतर मात्र कुणी हसलं नाही.

"मग सकाळी हजेरी कुणी लावली?"

चहावाली मावशी किटली घेऊन दारात उभी होती. "आता झाकून काय उपयोग, बाबा?" ती मुकादमाला म्हणाली. किटली खाली ठेवून तिने आपला उजवा अंगठा टेकवला. हिरवा दिवा. पडद्यावर नणंदेचं नाव. मग तर्जनी. हिरवा दिवा, दुसऱ्याच बाईचं नाव.

"सोड्यानं यांची बोटं गुळगुळीत झाली. यंत्र घेईना. माझी धड होती, म्हणून यानं एकेकीच्या नावावर एकेक चढवलं. म्हणाला, रोज दहाही लाव, आकडा पुरा दिसला पाहिजे. मी लावते."

तपासनीसने विचारलं, "आणि तुमची स्वतःची हजेरी?"

"माझी कशी लागणार, पोरी? बोटं संपली ना!"

शेवटी मावशीने डावी करंगळी टेकवली. हिरवा दिवा. वहिनीचं नाव. हजर.

"यंत्रच ते, चुकतं कधीकधी," मुकादम पुटपुटला. तपासनीसने पडद्याचा फोटो घेतला, पिशवीतल्या भिंगाखाली मावशीच्या करंगळीवरच्या रेघा मोजल्या आणि नणंदेला घेऊन तडक दवाखाना गाठला.

वहिनी मांडीपर्यंत पट्ट्यांत होती. तपासनीसने तिचा हात हातात घेतला, तशी ती वैतागली. "अगं बाई, बोटं काय बघतेस? पाय बघ की!"

"भरपाईसाठीच बघतेय, वहिनी. यंत्रातलं बोट तुमचं नाही, हे दाखवायचंय."

तिने एकेक बोट भिंगाखाली धरलं. मावशीच्या करंगळीवर एका सेंटिमीटरात बावीस रेघा होत्या. वहिनीच्या दहा बोटांवर मिळून एकही नव्हती.