बाई, मास्तर आणि न उसळणारा चेंडू

मी एक चेंडू आहे. निदान मला तसं म्हणतात. पण चेंडूनं उसळावं, घरंगळावं, एखादी काच फोडून शिव्या खाव्यात. यातलं मला काहीच जमत नाही. जमिनीवर पडलो की 'थप्प' करतो आणि हट्टी पाहुण्यासारखा तिथेच बसून राहतो. त्यामुळे आपण नक्की कोण, या गोंधळातच माझं आयुष्य गेलं. तुम्ही ऐका आणि तुम्हीच काय ते ठरवा.

मला बाईंनी केलं. तेव्हा त्या बाई नव्हत्या, विद्यार्थिनी होत्या. खेळातून उपचार कसे करायचे याचं शास्त्र शिकत होत्या. आजारानं किंवा अपघातानं माणूस खाटेला खिळला की औषधं त्याला जगवतात. पण जगून करायचं काय, हा प्रश्न उरतोच. त्याला पुन्हा खेळायला, गायला, चार माणसांत बसायला लावायचं आणि त्या निमित्तानं हातपायही हलवून घ्यायचे, असं ते शास्त्र. परीक्षेसाठी त्यांना एक वस्तू करायची होती. एका हातात बळ नसलेल्या माणसाला झेलता यावी आणि सुटली तर तिच्यामागे धावावं लागू नये अशी. बाईंनी वडिलांचा जुना कोट कापला, आत चिंध्या कोंबल्या, मधोमध वाळूची पुरचुंडी ठेवली आणि मला शिवलं. शिवलं कसलं, टाचलं! परीक्षकांनी मला कौतुकानं वर उडवलं आणि माझ्यातली वाळू थेट त्यांच्या चहात पडली.

रडवेल्या बाई मला घेऊन कॉलेजसमोरच्या शिंप्याच्या दुकानात गेल्या. शिंपी तरुण होता, पण सगळे त्याला मास्तर म्हणत.

"हे काय? बटाटा?" मास्तरांनी विचारलं.

"चेंडू आहे. दवाखान्यात लागतो."

"तरीच. बराच आजारी दिसतोय. ठेवून जा, बघतो."

त्यांनी मला उसवलं आणि दुहेरी शिवण घालून पुन्हा उभं केलं. बाई मला न्यायला आल्या. मग पुढच्या आठवड्यात बटण लावून घ्यायला आल्या. मग आणखी एक बटण. मी त्यांच्या पिशवीतून सगळं पाहत होतो. चांगली घट्ट बटणं स्वतःच्या हातानं तोडायची आणि मग ती लावून घ्यायला जायचं, हे काय गौडबंगाल आहे ते मला कळेना. लग्न झालं तेव्हा थोडं कळलं.

लग्नानंतरही दोघं एकमेकांना 'बाई' आणि 'मास्तर'च म्हणत, तेही अहोजाहो करून. माणसं जवळ आली की 'तू' म्हणतात, असं मी ऐकलं होतं. इथे उलटं. रागावले की 'तू', राग गेला की 'तुम्ही'. पुढे त्यांना मुलगी झाली. ती एका जागी बसायची नाही म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. मास्तर म्हणायचे, "घरात दोन शिक्षक आणि विद्यार्थिनी एकच. पोरीचे हाल आहेत."

बाई कॉलेजात शिकवायला लागल्या आणि काही वर्षांनी प्राध्यापक झाल्या. त्यांचा विभाग म्हणजे इस्पितळाच्या मागच्या अंगाची एक लांबट खोली. बाकीचे विभाग आम्हाला 'खेळखंडोबा' म्हणायचे. बाई हसायच्या आणि मुलांना सांगायच्या, "दुखतं कुठे ते डॉक्टर विचारतील. आपण विचारायचं, तुम्हाला काय करायला आवडायचं?"

एकदा वॉर्डातल्या एका आजींकडे मला फेकलं गेलं. आजी बरेच दिवस कुणाशी बोलत नव्हत्या. त्यांनी मला झेललं, पण परत फेकलं नाही. मांडीवर घेतलं आणि थोपटायला लागल्या. विद्यार्थी गोंधळले. एकानं हात पुढे केला.

"थांब. घेऊ नकोस," बाई म्हणाल्या.

"पण मॅडम, पुढच्या आजोबांची पाळी आहे."

"आजोबा थांबतील. त्यांना कुठे गाडी पकडायचीय?"

तो तास तसाच गेला. मी चेंडू म्हणून आलो होतो, आता बाळ होतो. तासाच्या शेवटी आजी माझ्या कानात, म्हणजे कान असता तर जिथे असता तिथे, म्हणाल्या, "झोप आता." दारात उभ्या असलेल्या त्यांच्या मुलानं तोंड फिरवलं. तो हसत होता की रडत होता, मला सांगता येणार नाही. माणसांचे चेहरे दोन्ही वेळा सारखेच होतात.

कॉलेजातून बाई मला घरी आणायच्या. भिंगरी झडप घालायची. मग मायलेकींचा खेळ सुरू व्हायचा.

"डाव्या हातानं झेल. नजर चेंडूवर. शाब्बास! आता एका पायावर."

एके दिवशी भिंगरीनं मला जमिनीवर आपटलं. "आई, तू माझ्याशी खेळतेस की मला तपासतेस?"

बाई चष्मा काढून पदरानं पुसत बसल्या. मलाही प्रश्न पडला. दिवसभर जे काम म्हणून चालतं, तेच घरी आलं की खेळ कसं होणार? आणि तिथे जर तो खेळ असेल, तर त्याचा पगार कसा मिळतो?

वर्षं गेली. भिंगरी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. आणि एका सकाळी, गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेता घेता मास्तरांच्या हातून टेप गळून पडली. ते ती उचलायला वाकले आणि वाकलेले तसेच आडवे झाले. उजवं अंग गेलं होतं.

इस्पितळातून ते घरी आले ते चाकांच्या खुर्चीतून. जीभ हळूहळू ताळ्यावर आली, पाय काठीच्या आधारानं चालू लागला, पण कात्री धरणारा हात तसाच लोंबत राहिला. दुकान बंद झालं. बाईंनी कंबर कसली. उभा जन्म ज्यात घालवला, ते घरच्या माणसाच्या कामी येणार होतं. त्या मला घेऊन समोर बसल्या.

"मास्तर, उजवा हात टेबलावर. चेंडू आला की नुसता ढकलायचा. हं, शाब्बास."

मास्तरांनी हात हलवला नाही.

"काही हरकत नाही. आपण उद्या बघू."

उद्याही तेच, परवाही तेच. बाईंचा आवाज मधासारखा गोड. त्या कधी चिडल्या नाहीत, कधी कंटाळल्या नाहीत. वॉर्डात याच आवाजानं दगडाला पाझर फुटलेला मी पाहिला होता. इथे मात्र तो आवाज जितका गोड, तितके मास्तर अधिक मिटून जात. मला काही उमजेना. माझंच काही चुकतंय का? मी जास्त जड झालोय का?

शेवटी बाईंनी त्यांचा हुकमी प्रश्न काढला. "बरं, मला सांगा, तुम्हाला फावल्या वेळात काय करायला आवडायचं?"

मास्तरांनी पहिल्यांदा मान वर केली. "इतकी वर्षं संसार केलास. तुला माहीत नाही?"

'तू' आलं होतं. बाईंचा चेहरा उतरला. त्या आठवू लागल्या. मीही आठवू लागलो. मास्तर सकाळी दुकानात, संध्याकाळी जेवायला. मधल्या वेळेत त्यांना काय आवडतं, हे आम्हा दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. साऱ्या इस्पितळाच्या आवडीनिवडी तोंडपाठ, आणि घरात अंधार.

"मी तुझा पेशंट नाही," मास्तर म्हणाले. "ने तो बटाटा इथून."

आणि बाईंचा तोल सुटला. इतक्या महिन्यांचं साचलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "मग नको खेळूस! बस असाच! मी काय लोखंडाची आहे? मलाही रडू येतं!" असं म्हणत त्यांनी मला फेकलं. हळुवार नाही, शिकवल्यासारखं नाही, ताकदीनं फेकलं. मी मास्तरांच्या छातीवर धप्पकन आदळलो.

बाईंनी तोंडावर हात ठेवला. उपचाराच्या कुठल्याच पुस्तकात हे बसत नव्हतं.

मास्तरांनी डाव्या हातानं मला छातीशी धरलं होतं. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. पण ते हसत होते. "आल्या! बाई आल्या!" ते म्हणाले. "इतके दिवस घरात कोण डॉक्टरीण फिरत होती कोण जाणे. शाब्बास, शाब्बास! अहो, एकदा तरी भांडायचं माझ्याशी!"

आणि त्यांनी मला डाव्या हातानं असं भिरकावलं की बाईंचा चष्मा उडाला.

"हे नियमात नाही!" बाई ओरडल्या.

"कुणाचे नियम?"

"चेंडू टप्पा घेऊन यायला हवा!"

"हा जन्मात कधी टप्पा घेईल का? तुम्हीच केलाय ना?"

दोघं लहान मुलांसारखी भांडली. मग मास्तर हळूच म्हणाले, "विचारत होतात ना, काय आवडायचं? हे. जेवणं झाल्यावर तुमच्याशी वाद घालायला. तेवढ्यासाठी दिवसभर मशीन मारायचो."

तेव्हापासून रोज खेळ होतो. चार-सहा महिन्यांनी मास्तरांचा उजवा हात मला छातीशी दाबून धरण्याइतका वळला. त्यापुढे गेला नाही. कात्री त्यांना पुन्हा धरता आली नाही. दुकानाची किल्ली दुसऱ्याला द्यावी लागली. त्या दिवशी कुणीच खेळलं नाही.

निवृत्तीच्या आधीच्या शेवटच्या तासाला बाईंनी ही हकीकत मुलांना सांगितली. एका मुलीनं वही उघडून विचारलं, "मॅडम, मग त्या उपचारपद्धतीला काय म्हणायचं?"

बाई म्हणाल्या, "खरं सांगू? मला अजून कळलेलं नाही. पेशंटवर चेंडू फेकून मारा असं मी मुळीच शिकवत नाहीये, हं. ते तेवढं लिहून घे."

मुलं हसली. मी टेबलावर होतो. बाईंनाच कळलं नाही, तर मला कुठून कळणार?

आता माझा कोट विटलाय, वाळू एका बाजूला बसलीय. भिंगरी सुट्टीला आली की तीही खेळात उतरते आणि दोघांपेक्षा जास्त चिडते. या क्षणी मात्र मी कपाटाखाली, भिंतीला टेकून बसलोय. मास्तरांचा नेम चुकला आणि मी गुळगुळीत फरशीवरून सरपटत इथे आलो. समोर चार पाय आणि एक काठी दिसतेय.

"तुम्ही फेकलात, तुम्ही काढा."

"मी? अर्ध्या अंगाच्या माणसाला वाकायला लावता? प्राध्यापक ना तुम्ही?"

"निवृत्त. आणि गुडघे कुणाचे दुखतात?"

"गुडघ्यांचा काय संबंध? सोफ्याखाली हात घालायचाय नुसता."

"सोफ्याखाली नाहीये तो. मी पाहिलंय."

तुम्हाला मी दिसतोय, हो ना? एवढीच विनंती आहे. त्यांना लगेच सांगू नका.