खळ्यावरचा उतार

शास्त्रज्ञांच्या दुनियेत तुमच्या निबंधाचा उल्लेख दुसऱ्यांनी आपल्या निबंधांत किती वेळा केला, यावर तुमची पत ठरते. वैष्णवी गोजरच्या १९९५ सालच्या निबंधाचे उल्लेख शंभराच्या घरात गेले होते. मुंबईतल्या तिच्या संस्थेत याचं कोण कौतुक! मोजणारे नुसते मोजत होते, वाचत कोणीच नव्हतं. वाचलं असतं तर कळलं असतं, की बहुतेकांनी एकच गोष्ट लिहिली होती: बाईंचे आकडे आम्हाला काही केल्या मिळत नाहीत. जर्मनीतल्या एका प्राध्यापकांनी तर हे आकडे खरोखर मोजले होते का, अशी सभ्य भाषेत शंका काढली होती.

विषय तसा साधा. दाण्यांचा ढीग किती उभा राहतो आणि कधी घसरतो, हे ती कॉम्प्युटरवर गणिताने मांडायची. गणिताला खऱ्या आकड्यांचा आधार हवा, म्हणून ९४च्या दिवाळीनंतर ती शहापूरजवळच्या आपल्या गावी आली. घरच्या खळ्यावर सुपाने भात ओतून तिने रास केली आणि शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक लावून उतार मोजला. तिचे बाबा, कोंडू गोजर, पायली घेऊन ताटकळत उभे होते. तिचं आटोपल्यावर त्यांनी भात मोजायला घेतलं. पहिल्या पायलीला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं, मग दोन, तीन, हा त्यांचा रिवाज. तो काही त्यांनी शास्त्रासाठी सोडला नाही.

त्या मोजण्यात तिळभर खोटं नव्हतं. पण वर्षानुवर्षं लोक चूक चूक म्हणत राहिले, की माणसाचा स्वतःच्याच डोळ्यांवरचा भरवसा उडतो. आपण तेव्हा घाईत हवं तेच पाहिलं असेल, असं तिला वाटायला लागलं होतं. २००३ साली प्रोफेसरपदाची मुलाखत ठरली, तेव्हा विभागप्रमुख तिला म्हणाले, उल्लेख तो उल्लेख, शिव्या घालून केला तरी मोजदादीत धरतात. तिला हसू आलं नाही.

मुलाखतीआधी ती भाताच्या झोडणीला घरी आली. वाशिंदच्या कारखान्यातून रिटायर झालेल्या बाबांनी यंदा खळ्याला सिमेंटचा कोबा करून घेतला होता, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चपला काढायला लावून ते तो दाखवत होते. त्यावर भात ओतलं, तर रास काही बसेना. दाणे पसरत पसरत कडेला गेले. बाबा फावड्याने वर लोटत, दाणे पुन्हा खाली येत. आई पदर खोचून बघत होती. शेवटी तिने तोंड सोडलं. “बिनसारवलेल्या भुईवर कुठं रास घालतात काय? लक्ष्मी हाय ती.”

तिने सगळं भात बाजूला ओढायला लावलं आणि त्या नव्याकोऱ्या कोब्यावर शेणाचा हात फिरवला. बाबांचा चेहरा पडला, पण बोलायची सोय नव्हती. दुपारपर्यंत कोबा वाळला. मग भात ओतलं, आणि रास अशी झकास उभी राहिली की वैष्णवीने ओटीवर हातातला चहा तसाच ठेवला. कंपासपेटी फळीवरच होती. तिने कोनमापक लावला. उतार तोच होता, ९४ सालचा.

निबंधात तिने ‘सपाट जमीन’ एवढंच लिहिलं होतं. खळं म्हटलं की ते सारवलेलं असणारच, यात लिहायचं काय? सारवलेली खरबरीत भुई तळचे दाणे धरून ठेवते, आणि तिकडे ते शंका काढणारे बिचारे गुळगुळीत पत्र्यावर ढीग घालत बसले होते. ती राशीजवळ बसून रडायला लागली. सुटल्यासारखं वाटत होतं तिला. आईला वाटलं, सासरी काहीतरी झालं.

खुलासा मुलाखतीनंतर छाप, असं विभागप्रमुखांनी परोपरीने सांगितलं. वाद मिटला की उल्लेख थांबतील, आणि शेणाचं नाव काढलं की समिती हसेल. पण मी खोटं मोजलं नव्हतं, हे सांगायला ती आता एक दिवसही थांबायला तयार नव्हती. जमीन शेणाने सारवून वाळवलेली होती, असा खुलासा तिने पाठवला आणि मुलाखतीत स्वतःच सांगितला. समिती हसली. पद दुसऱ्याला गेलं. तिला फार वाईट वाटलं, चार दिवस अन्न गोड लागलं नाही. जुन्या निबंधाचे उल्लेख खरंच थांबले, आणि खुलाशाकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही.

पुढच्या वर्षीच्या झोडणीला ती आली ती एक छापील निबंध घेऊन. त्याच जर्मन प्राध्यापकांनी गोठ्यातून शेण आणून पत्रा सारवला होता, वाळवला होता आणि पुन्हा मोजलं होतं. गोजर यांचे आकडे बरोबर आहेत, आमची शंका आम्ही मागे घेतो, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. तिने ते मराठीतून वाचून दाखवलं. आईने विचारलं, त्यांनी स्वतःच्या हाताने सारवलं का. हो, असं कळल्यावर तिला माणूस आवडला.

बाबा पायली घेऊन राशीपुढे बसले होते.

“मंग आता किती जनांनी बरोबर म्हटलं तुला?”

“एकानेच, बाबा.”

त्यांनी पायली राशीत खुपसली आणि शिगोशीग भरून घेतली.

“एक नको म्हनू गो. लाभ म्हन.”

“लाभ,” वैष्णवी म्हणाली, आणि पोत्याचं तोंड धरून त्यांच्यासमोर बसली.