एका खुर्चीवर दोघे

संगणकशास्त्र विभागाच्या प्रमुख बाईंना मुलं पाठीमागे 'कारण-बाई' म्हणायची. उत्तर बरोबर आलं तरी बाई थांबायच्या नाहीत, भुवई वर करून विचारायच्या, "कारण?" सव्वीस वर्षं हा एकच शब्द त्यांच्या तोंडात असा बसला होता, की घरी नवरा "दूध संपलं" म्हणाला तरी त्या "कारण?" म्हणून मोकळ्या व्हायच्या. नवरा शांतपणे सांगायचा, "कारण तू प्यायलीस."

या वर्षी मात्र बाईंच्या जिवाला स्वस्थता नव्हती. मुलांच्या गृहपाठातले प्रोग्रॅम एकाएकी दृष्ट लागावी इतके देखणे यायला लागले होते. पूर्वी त्यांत चुका असायच्या, अर्धवट सोडलेल्या ओळी असायच्या, शेजाऱ्याचं उचललेलं असलं तर शेजाऱ्याचं नावसुद्धा तसंच राहिलेलं असायचं. आता सगळं चकाचक, आणि सगळं एकाच हातचं. तो हात कुणाचा, हे सांगायला ज्योतिषी नको होता. एका वाक्यात मागावं आणि यंत्रानं पानभर लिहून द्यावं, असे दिवस आले होते.

बाईंनी गृहपाठाचे गुणच काढून टाकले. तोंडी परीक्षा. आपलाच प्रोग्रॅम समोर ठेवायचा आणि बाई बोट ठेवतील त्या तीन ओळी समजावून सांगायच्या.

बासष्ट मुलं, तीन दिवस. एकेक जण यायचा, गुळगुळीत कागद टेबलावर ठेवायचा, बाई बोट ठेवायच्या आणि निम्म्या वेळा समोरचा मूग गिळून बसायचा. एकानं खिडकीकडे पाहिलं, एकीनं डोळ्यांत पाणी आणलं. एक मुलगा मात्र प्रामाणिकपणे म्हणाला, "मॅडम, ती ओळ काढली की चालत नाही. म्हणून आहे." निदान काढून तरी पाहिली होती त्यानं. बाईंनी त्याला पास केलं.

तिसऱ्या दिवशी यादीत शेवटचं नाव त्यांच्या भाचीचं होतं. भाची आलीच नाही. वाट पाहून बाई उठणार, तेवढ्यात विभागाचा क्लार्क अर्जांचा गठ्ठा घेऊन आला.

"मॅडम, एवढ्या सह्या. आणि हा वरचा जरा बघूनच करा."

वरचा अर्ज शिक्षण सोडण्याचा होता. अक्षर ओळखीचं. 'कारण' या रकान्यात भाचीनं लिहिलं होतं, 'उपयोग दिसत नाही.'

ही धाकट्या बहिणीची मुलगी. लहानपणापासून एका जागी बसायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. बहीण शाळांचे गणवेश शिवायची. तीन वर्षांपूर्वी मुलीचा हात धरून ती बाईंकडे आली होती. "ताई, खरं सांग, हिला तुझ्याकडे घालू ना?" आणि बाई म्हणाल्या होत्या, "डोळे मिटून घाल." त्यावर बहीण हसून म्हणाली होती, "माय मरो पण मावशी जगो म्हणतात, ते काही उगाच नाही."

आता ते वाक्य बाईंना टोचलं. भिंगरी फोन उचलेना. तिच्या मैत्रिणीनं आढेवेढे घेत एक पत्ता दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई तिथे जाऊन थडकल्या.

खाली टायरचं दुकान, वर दोन खोल्या. जिन्यालासुद्धा रबराचा वास. दाराशी चपलांचा ढीग, एका खिडकीत पुठ्ठ्याची घडी खोचलेली, आणि आत चार टेबलांशी भिंगरी आणि आणखी तीन पोरं लॅपटॉप उघडून बसलेली. चौघांनी मिळून प्रोग्रॅम करून द्यायची छोटी कंपनी काढली होती. भिंगरी मावशीला पाहून ताडकन उठली.

"मावशी! तू इथे?"

"अर्ज मॅडमला केलास, म्हणून मावशीला यावं लागलं. उपयोग दिसत नाही म्हणजे काय गं?"

बाकीच्या तिघांनी माना खाली घातल्या. भिंगरीनं घातली नाही. "रागावू नकोस. तू फळ्यावर तासभर लिहितेस ते यंत्र मला अर्ध्या मिनिटात देतं. तीन वर्षांत तिथे कुणाच्या कामाला येईल असं मी काहीही केलं नाही. इथे सहा आठवड्यांत केलं. चल, दाखवतेच."

आणि तिनं मावशीला अक्षरशः ओढत दोन गल्ल्या पलीकडच्या डायलिसिस केंद्रात नेलं.

लांबट खोलीत आठ खुर्च्या होत्या. प्रत्येकीशेजारी एक यंत्र घरघरत होतं आणि नळ्यांतून रक्त बाहेर जाऊन परत येत होतं. एकेक माणूस आठवड्यातून तीनदा, चार-चार तास इथे बसायचा. कुणाला कधी कुठली खुर्ची, हे भिंगरीचा प्रोग्रॅम ठरवायचा. हेड नर्स म्हणाली, "पूर्वी माझी निम्मी सकाळ फोनवर जायची. पोरीनं सोडवलं हो." बाईंना भरून आलं. इतक्या वर्षांत त्यांच्या एकाही व्याख्यानाबद्दल कुणी 'सोडवलं हो' म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात पाच नंबरच्या खुर्चीपाशी गलका झाला. एक निवृत्त बसचालक आणि सुनेचा हात धरून आलेल्या एक आजी, दोघंही तिथेच उभे. दोघांच्याही फोनवर तीच खुर्ची, तीच वेळ.

"होतं असं," नर्स सवयीनं म्हणाली. "महिन्यातून दोन-चारदा. मग आम्ही आपली वही काढतो."

चालकानं आजींकडे पाहिलं. "बसा तुम्ही. मी थांबतो." तो बाकावर टेकला. त्याची पावलं इतकी सुजली होती, की चपलांचे पट्टे मांसात रुतले होते.

भिंगरीचा चेहरा उतरला. "मावशी, हे मी तीनदा दुरुस्त केलंय गं. दर वेळी यंत्र म्हणतं, झालं. दर वेळी मला खरंच वाटतं झालं."

बाईंना लगेच कळलं. दोन ठिकाणांहून एकाच क्षणी विचारणा झाली. दोघांनाही खुर्ची रिकामी दिसली. दोघांनीही ती घेतली. पाहणं आणि घेणं यांच्यामध्ये, एकाचं होईपर्यंत दुसऱ्याला थांबवणारं कुलूप लागलं नव्हतं. हा धडा त्यांनी सव्वीस वर्षं शिकवला होता, फळ्यावर 'अ' आणि 'ब' काढून. 'अ'ला सुजलेली पावलं असतात, हे त्यांनी आज पाहिलं.

"तुझा लॅपटॉप दे," त्या म्हणाल्या.

पण रोगाचं नाव ठाऊक असणं वेगळं आणि गाठ हाताला लागणं वेगळं. अकरा हजार ओळी, त्यातली एकही माणसानं बसून लिहिलेली नाही. तेच काम चार ठिकाणी चार तऱ्हांनी केलेलं. बाई तासाभरात हरवल्या. दुसऱ्या कुणासाठी प्रोग्रॅम लिहून त्यांना कितीतरी वर्षं झाली होती. त्या एखाद्या ओळीवर बोट ठेवायच्या आणि भिंगरी म्हणायची, "ते जुनं आहे मावशी, आता कुणी वापरत नाही." तोंडी परीक्षा आता कुणाची चालली होती, कोण जाणे! पाच वाजता बाई पाठ चोळत उठल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नोकरीच्या सव्वीस वर्षांत पहिल्यांदा खोटं कारण देऊन रजा काढली आणि टायरच्या दुकानावरचा जिना चढल्या. दुपारनंतर चूक कुठे आहे ती जागा सापडली. नवी वेळ घेताना कुलूप होतं, रद्द करताना होतं. फोनवरून वेळ बदलताना मात्र नव्हतं. खात्री करायला दोघी दोन फोन घेऊन समोरासमोर बसल्या, "एक, दोन, तीन" म्हणून एकदमच बटण दाबायच्या. सातव्या खेपेला दोघींना एकच खुर्ची मिळाली. भिंगरी टाळ्या पिटत ओरडली. चूक सापडली म्हणून इतका आनंद झालेला माणूस बाईंनी परीक्षेच्या खोलीत कधी पाहिला नव्हता. कुलूप बसवल्यावर बोटं दुखेपर्यंत दाबलं, पण पुन्हा काही तसं झालं नाही.

"हे आम्हाला कधी शिकवलंस तू?" भिंगरीनं विचारलं.

"तिसऱ्या सत्रात."

"मग मला का नाही आठवलं?"

कॉलेजात गेल्यावर बाईंनी कपाटातून जुने पेपर काढले. भिंगरीला त्या प्रश्नात वीसपैकी अठरा होते. उत्तर अगदी बाईंच्याच शब्दांत, 'अ' आणि 'ब'सकट. गुण त्यांनीच दिलेले, खाली 'छान' असंही त्यांनीच लिहिलेलं. तेव्हा ही लिहून देणारी यंत्रं आलीसुद्धा नव्हती. बाई कपाटाचं दार उघडंच टाकून कितीतरी वेळ येरझाऱ्या घालत राहिल्या.

संध्याकाळी त्या बहिणीकडे गेल्या. बहीण कॉलरी शिवत होती. सगळं ऐकून घेईपर्यंत तिनं मशीन थांबवलं नाही. मग एकदम थांबवलं.

"म्हणजे तू सही करणार?"

"ती वीस वर्षांची झालीय. मी अडवलं तर कॉलेजात बसेल, पण बसण्यापुरतीच."

"मला 'डोळे मिटून घाल' म्हणालीस, तेव्हा तुला ठाऊक होतं का, हे असं होणार ते?"

"नव्हतं."

"आणि आता ठाऊक आहे? पुढे तिचं बरं होईल की वाईट?"

"आताही नाही गं."

बहिणीनं सुईत दोरा ओवला. "ताई, तू नेहमी असं बोलायचीस, की तुला सगळं माहीत आहे. तेच बरं होतं."

भिंगरी दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "आई, मी मावशीचा तेवढा तास करणार आहे. बाकी काही नाही, परीक्षा नाही, पदवी नाही. फक्त तास."

"वा!" आई उसळली. "म्हणजे लग्न नाही, आणि सासरी राबायचं!"

तिघीही हसल्या. पण बहिणीनं त्या दिवशी चहाला काही विचारलं नाही, आणि पुढचे दोन महिने फोनही केला नाही.

बाईंनी अर्जावर सही केली. नव्या सत्रात भिंगरी खरोखरच वर्गात येऊन बसायला लागली. क्लार्कनं लेखी हरकत घेतली, नोंद नसलेल्या व्यक्तीला बसता येत नाही म्हणून. बाईंनी ती हरकत फाइलला लावली आणि तास चालू ठेवला. तोंडी परीक्षेत एकतीस जण नापास झाले होते, त्यामुळे संचालकांनीही बोलावून घेतलं.

"निम्मा वर्ग नापास, बाई! पुढच्या वर्षी प्रवेश कोण घेईल? आणि हे नापास होऊन निघाले तरी बाहेर काम मिळवतायत म्हणे. मग आपण नक्की काय देतो, ते मला एका पानात लिहून द्या. सोमवारपर्यंत."

सोमवार उजाडला तेव्हा पानावर अडीच ओळी होत्या, त्यातल्या दोन खोडलेल्या. बाई उरलेल्या अर्ध्या ओळीकडे पाहत बसल्या असताना हेड नर्सचा फोन आला. महिन्याच्या एकतीस तारखेच्या सगळ्या वेळा यादीतून गायब झाल्या होत्या, आणि लोक तर येऊन बसले होते.

बाईंनी वर्गात डोकावून विचारलं, "डायलिसिस केंद्रात एकतीस तारीख हरवलीय. कोण येतं?"

सहा हात वर झाले. ओळीचं कारण सांगू न शकलेला, खिडकीकडे पाहत राहिलेला तो मुलगाही त्यांत होता. भिंगरी तर केव्हाच जिन्यापाशी पोहोचली होती.

"मॅडम, संचालकांचं पान?" क्लार्क मागून ओरडला.

"सांग त्यांना, लिहितेय म्हणून," बाई म्हणाल्या आणि पर्स खांद्याला अडकवून, धापा टाकत, पोरांच्या मागून निघाल्या.