उचकी थांबली तेव्हा

पक्षाघाताच्या झटक्यातून रविकांत वाचले. डावा हात हळूहळू हलू लागला, जीभही थोडी सैल झाली. पण तिसऱ्या दिवशी उचकी लागली ती थांबेना. जेवताना, बोलताना, झोपेतसुद्धा. गोळ्यांनी नुसती गुंगी यायची. आयुष्यभर पूल बांधलेला हा माणूस चमचाभर पेज गिळायला घाबरू लागला.

एकोणिसाव्या दिवशी डॉक्टरांना विचारून त्यांच्या पत्नी सुनेत्राबाई त्यांना शहराच्या नॉर्थ यॉर्क भागात लिनबाई नावाच्या चिनी वैद्यबाईंकडे घेऊन गेल्या. एका कॉन्डो इमारतीच्या तळमजल्यावरच्या त्यांच्या दवाखान्यात लवंगेचा आणि आल्याचा वास भरून राहिला होता. सत्तरीच्या लिनबाईंनी दोन्ही मनगटांची नाडी पाहिली, बराच वेळ, डोळे मिटून.

"पोटातला वारा खाली उतरायची वाट विसरलाय," त्या सावकाश इंग्रजीत म्हणाल्या. "दाखवू त्याला."

मनगटाच्या आतल्या बाजूला, मग गुडघ्याखाली केसाएवढ्या सुया टोचल्या. दुखलं नाही. नुसता एक जडपणा हातातून वर सरकत गेला. खिडकीबाहेर बर्फ पडत होता, की खोलीच वर चालली होती, रविकांतना कळेना. ते एका रुंद नदीच्या मधोमध उताणे तरंगत होते. उचकी लांब कुठेतरी वाजत होती, रिकामी नाव धक्क्याला लागावी तशी. मग नावही दूर गेली.

खुर्चीवर बसलेल्या सुनेत्राबाई पुढच्या उचकीची वाट पाहत होत्या. ती आली नाही. त्या घाबरून उठल्या, नवऱ्याच्या नाकाशी बोटं धरली. श्वास उबदार होता. त्यांना रडू फुटलं.

"परत येईल," लिनबाई हळूच म्हणाल्या. "पण दमलीय आता ती."

संध्याकाळी आलीच. मात्र जोर नव्हता. लिनबाईंनी लवंग, आलं आणि पर्सिमन फळाच्या वाळक्या देठांची पुडी दिली होती. फार्मसिस्टला दाखवून सुनेत्राबाई रोज त्याचा काढा उकळू लागल्या. सुयाही चालू होत्या. चौथ्या खेपेनंतर दोन दिवस गेले, तीन गेले, उचकी आली नाही.

त्या दुपारी रविकांतनी वाटीभर मऊ भात संपवला. सुनेत्राबाई ओट्याशी उभ्या राहूनच जेवत होत्या.

"सुनेत्रा," ते म्हणाले. शब्द जड होते, पण मध्ये कुठे तुटले नाहीत. "इथे येऊन बस. सावकाश जेव."

त्या ताट घेऊन त्यांच्याशेजारी बसल्या.